उमाळकर काकांचं शिसं

"व्हिसावर आहेस की ग्रीन कार्ड?"

हा उमाळकर काकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न. नाव, गाव, कोण, कुठली, यातलं काही नाही. चँडलरमधल्या भाड्याच्या घरात येऊन आम्हाला दोनच दिवस झाले होते. सकाळी साडेपाचला मी कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवायला निघाले, तर शेजारच्या गॅरेजचं दार उघडं. आत एक उंच, वाळकुडा म्हातारा चामड्याचा एप्रन आणि कोपरापर्यंत हातमोजे घालून उभा होता आणि त्याच्यासमोरच्या विजेच्या भांड्यात काहीतरी पाऱ्यासारखं चकाकत होतं. दाराला कागदी झेंडूचं तोरण दिसलं, म्हणून मी धीर करून "नमस्कार" म्हणत पुढे सरकले.

"व्हिसावर," मी म्हणाले. "एच-वन."

"मग थांब तिथेच." त्यांनी खडू घेतला आणि माझ्या पावलांच्या पुढे, सिमेंटवर, एक सरळ रेघ ओढली. "याच्या आत यायचं नाही. मी बंदुकीच्या गोळ्या ओतून राहिलो. व्हिसावरच्या माणसाने गोळीला हात लावलेला इथल्या कायद्याला चालत नाही. नुसत्या शिशाच्या टोकालाही नाही. उगाच तुझी ग्रीन कार्डची बारा वर्षांची लाइन वाया जाईल. चहा घेते का?"

चहा मी रेघेच्या अलीकडे उभं राहून प्यायले. ती रेघ पावसाने पुसली की ते पुन्हा ओढत. ॲरिझोनात पाऊस तो किती, त्यामुळे ती बहुतेक असायचीच.

काका मूळचे अकोल्याचे. शिकलेले धातुशास्त्र, पण चाळीसेक वर्षांपूर्वी इकडे आले आणि सगळी नोकरी चिप बनवणाऱ्या कारखान्यात गेली. "पस्तीस वर्षं पांढरा झगा घालून उभा राहिलो," ते सांगत. "जे बनवलं ते ना डोळ्याले दिसलं, ना हाताले लागलं. रिटायर झालो त्या दिवशी ठरवलं, आता असं काहीतरी बनवायचं जे पायावर पडलं तर लागलं पाहिजे." अमेरिकेत चार दशकं काढूनही त्यांचं वऱ्हाडी जसंच्या तसं होतं. त्यात मधूनमधून इंग्रजी शब्द पडत, पण ते पाहुण्यासारखे, बाहेरच्या खोलीत बसल्यासारखे.

जुन्या चाकांची वजनं, छपाईचे खिळे, कुठलं कुठलं भंगार आणून ते वितळवत, वरचा मळ काढत आणि साच्यात ओतत. साचा गार असताना ओतलं तर गोळीला सुरकुत्या पडतात. तशी गोळी निघाली की ती चिमट्यात धरून मला लांबून दाखवत आणि म्हणत, "ही पाहा, पुण्याची. जन्मतःच कपाळाला आठ्या." मग ती परत भांड्यात. धातू किती कडक झालाय हे ते चित्रकाराच्या पेन्सिलींनी बघत. मऊ पेन्सिल शिशावरून नुसतीच घसरते, कडक पेन्सिल ओरखडा काढते. कुठली पहिली ओरखडा काढते ते बघून वहीत नोंद. साठ-सत्तर वर्षं शाळा-कॉलेज-नोकरी करून शेवटी शिसपेन्सिलीवर आलो, असं म्हणून ते एकटेच हसत.

खरा हट्ट पुढेच होता. घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या लोक साध्या रायफलीत वापरतात. तिथे दर वेळी हाताने खटका मागे ओढायचा, पुढचं काडतूस घालायचं, काही बिघडत नाही. काकांना त्या सेमी-ऑटो रायफलीत चालवायच्या होत्या. तिच्यात एक गोळी सुटली की तिच्यामागच्या वायूच्या जोरावर बंदूक आपली आपणच रिकामं काडतूस फेकते आणि पुढचं आत ओढते. शिसं मऊ पडलं तर आत शिरताना घासलं जातं, नळी आणि वायूचं भोक मळतं, दारूचा जोर कमी भरला तर यंत्रणा अर्ध्यातच थांबते. नेमबाजीच्या रेंजवरचे गोरे म्हातारे त्यांना सांगत, बाबा रे, विकतच्या तांबं चढवलेल्या गोळ्या घाल आणि सुखाने राहा. काकांना सुखाने राहायचं नव्हतं. सलग वीस गोळ्या, एकदाही न अडकता, एवढंच त्यांना हवं होतं. मी ओळखायला लागले तेव्हा त्यांचं चौथं वर्ष चाललं होतं आणि आकडा अकरावर होता.

"अडकली की जोर करायचा नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "आधी थांबायचं. बंदूक खाली, नळीचं तोंड समोर. मग पाहायचं, काहून अडकली."

हे वाक्य ते माझ्या बाबतीतही वापरत, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. कारण अडकले होते ती मी. समीर, माझा नवरा, वडिलांच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे म्हणून पुण्याला गेला आणि व्हिसाचा शिक्का मिळेना म्हणून तिकडेच राहिला. तीन आठवड्यांचे सात महिने झाले. मी गेले असते तर मीही तिकडेच अडकले असते, मग इथली नोकरी गेली असती, नोकरी गेली की व्हिसा गेला असता. नोकरी बदलावी तर ग्रीन कार्डचे कागद पुन्हा पहिल्यापासून. घरात नागरिक एकच, आमची मनवा, वय वर्षं दोन. देश तिचा आणि आम्ही तिचे पाहुणे. अशा वेळी कुणी "आधी थांबायचं" म्हणालं तर काय वाटेल? एकदा मी फाडकन म्हणाले, "काका, मी थांबलेलीच आहे. दुसरं काय करतेय मी?" त्यावर ते काकूंना म्हणाले, "सुमन, हिला आज जेवायलाच ठेवून घे."

सुमनकाकूंचं विसरणं तेव्हा सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. तारखा गेल्या, माणसांची नावं गेली, पण स्वयंपाक हातात तसाच राहिला होता. बडबड करत त्या झरझर पोळ्या लाटत, वरणावर तूप-जिऱ्याची अशी फोडणी घालत की वास माझ्या घरापर्यंत यायचा. गॅस मात्र चालू राहायचा, नाहीतर पुढचं दार. त्यामुळे काका त्यांना एकटं ठेवून कुठेच जात नसत. रेंज होती चाळीस मिनिटांवर. जाणं-येणं आणि नेमबाजी धरून तीन तास, आणि तीन तास कुणाच्या भरवशावर जायचं? उन्हाळ्यात तर सकाळी सातनंतर बाहेर पाऊल टाकायची सोय नाही. मग गॅरेज ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते गॅरेज. आम्ही दोन्ही घरं एकाच उन्हात कोंडलेली होतो, म्हणून जवळ आलो असू.

मनवाला दुपारी बारा ते तीन त्यांच्याकडे ठेवायचं, हे काकूंनीच ठरवलं. माझ्या मीटिंगा तेव्हाच असत. काकू तिला वरण-भात भरवत. काका जवळ बसून लक्ष ठेवत, पोरीवर आणि बायकोवरही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम सांगितले होते. गॅरेजचं आतलं दार कुलपात. गॅरेजमधले बूट, शर्ट तिथेच राहणार. आत येण्याआधी ते कोपरापर्यंत हात धुणार, आणि ते पाच-पाच मिनिटं धूतही. "शिसं हवेतून कमी, हातानं जास्त जाते पोटात," ते म्हणाले. "पोट्टी माझ्याकडे यायच्या आधी मी आंघोळ करतो, तू काळजी करू नको." मी केली नाही. इतका काटेकोर माणूस मी पाहिलाच नव्हता.

एकदा आम्ही सगळेच रेंजवर गेलो. वाळवंटात पत्र्याच्या शेडखाली काका उभे आणि लांब पार्किंगमध्ये, एसी चालू ठेवून, गाडीत मी, काकू आणि मनवा. दर चार मिनिटांनी काकू विचारत, "हे कुठे गेले गं?" मी म्हणे, "तिकडे नेम धरतायत." "अगंबाई! कुणावर?" चारदा हसले, पाचव्यांदा मला रडू यायला लागलं. काका परत आले ते बंदुकीची पेटी डिकीत ठेवून मागच्या सीटजवळ वाकून काकूंकडे बघत म्हणाले, "सतरा झाल्या, सुमन. अठरावी अडकली." काकू म्हणाल्या, "जाऊ द्या, उद्या होईल." काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी त्याआधी पाहिला नव्हता. घरी येईपर्यंत ते गाडी चालवताना गुणगुणत होते.

त्यानंतर महिन्याभराने मनवाची दोन वर्षांची तपासणी झाली. रक्तात शिसं निघालं. थोडंथोडकं नाही, डॉक्टरांनी पुन्हा रक्त काढून खात्री करून घ्यावी इतकं. दुसरा आकडाही तोच. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, बोलणं, शिकणं मागे पडू शकतं, हे डॉक्टर अगदी सौम्य आवाजात सांगत होत्या आणि मी मनवाने त्या दिवशी किती शब्द उच्चारले ते मनात मोजत बसले होते. मग आरोग्य खात्याची नर्स घरी आली. हातात लांबलचक फॉर्म. घर किती जुनं? भिंतींचा रंग? हळद, मसाले कुठून येतात? कुंकू, काजळ, बाळगुटी? घरात कुणी शिशाच्या पट्ट्यांनी रंगीत काच जोडतं का, मासेमारीची वजनं किंवा बंदुकीच्या गोळ्या ओततं का?

"नाही," मी म्हणाले. घरात कुणी ओततच नव्हतं. आणि मनवाने त्या गॅरेजचा उंबरा कधी ओलांडला नव्हता हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. काकांचं नाव त्या कागदावर गेलं आणि उद्या कुणी त्यांच्या घरात शिरलं, तर काकूंचं काय होईल, बारा ते तीनचं माझं काय होईल, हा हिशेब डोक्यात चमकून गेला. मी नाही म्हणाले आणि हळदीचा डबा पुढे केला.

ती हळद आईने पाठवलेली होती. सांगलीहून हळकुंडं आणून, घरी वाळवून, गिरणीत उभं राहून दळून आणलेली. मी डबा कचऱ्यात टाकला आणि फोन करून आईला म्हणाले, "तुझ्या हळदीने माझ्या मुलीला विष घातलं." हे शब्द मी माझ्या आईला बोलले आहे.  नंतर समीर म्हणाला, आई दोन दिवस जेवली नव्हती.

त्या दिवशी दुपारी मी काका-काकूंना सगळं सांगितलं, वरणात घालायची आईची हळद टाकून दिली तेही. काकूंनी मनवाला पोटाशी घेतलं.  काका उठून स्वयंपाकघरात गेले आणि मला वाटलं, पाणी प्यायला गेले. तासाभराने माझ्या दाराची घंटा वाजली. बाहेर चटका बसेल असं ऊन, आणि काका अनवाणी. हातात फ्रीजरची प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात फोडणीची लोखंडी पळी.

"तुझ्या आईची हळद नाही," ते म्हणाले. "ही आहे."

चार वर्षांपूर्वी शिशावरचा मळ काढायला त्यांनी काकूंच्या स्वयंपाकघरातून ती पळी नेली होती. लांब दांडा, खोलगट वाटी, त्यांना हवी तशी. काही महिन्यांपूर्वी ती गॅरेजमधून नाहीशी झाली, तेव्हा कुठेतरी ठेवली असेल म्हणून त्यांनी नवी मागवली. आज वरणाचं ऐकल्यावर ते उठले, तर ती ओट्यावर, तुपाने माखलेली. "मीच धुवायला म्हणून आत आणली असेल," ते म्हणाले. "चूक माझी. नर्सला फोन कर. माझं नाव सांग, पत्ता सांग. आत्ताच कर, माझ्यासमोर."

मी फोन केला. मग त्यांच्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला कळत नव्हतं? तुम्ही धातूचे इंजिनिअर ना?" आणखीही बरंच बोलले. सगळं आठवतं, पण लिहिणार नाही. काका मान खाली घालून ऐकत उभे राहिले आणि माझं संपल्यावर गेले. मी दार लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी गॅरेज रिकामं केलं. शिसं, साचे, भांडं, वह्यासुद्धा. रायफल एका रेंजवाल्याला देऊन टाकली. वीस काही झाल्या नाहीत, सतरावरच राहिल्या. तपासणीत त्यांच्या स्वतःच्या रक्तातलं शिसं सगळ्यांत जास्त निघालं, काकूंचंही कमी नव्हतं. काकूंचं विसरणं ती पळी स्वयंपाकघरात परत येण्याच्या आधीचं आहे, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं. काकांनी ते मानलं नाही.

मी मनवाला एका डे-केअरमध्ये घातलं आणि मीटिंगा कशाबशा सरकवल्या. काकूंना मात्र आमचं भांडण आठवत नव्हतं. रोज बाराला त्या माझ्या दाराशी. "आज पोरीला आणली नाहीस?" रोज मी सांगायचं, ती शाळेत जाते आता. रोज त्यांचा चेहरा पडायचा. आणि रोज मागून काका यायचे, माझ्याकडे न बघता त्यांचा हात धरून घरी न्यायचे. दोन महिने हे चाललं.  एकाच भिंतीपलीकडे राहून माणूस टाळायचा कसा? घर सोडावं तर भाड्याचा करार, आणि जाणार तरी कुठे?

मग एक दिवस काकू दारात उभ्या राहून तक्रार करायला लागल्या. "माझी पळी पाहिलीस का गं? माझ्या आईची आहे. यांनी गॅरेजमध्ये खिळ्याला टांगून ठेवली होती, काळीकुट्ट करून! बाहेरचं दार उघडं होतं, मी जाऊन आणली, चिंचेत भिजवून ठेवली, चांगली घासून घासून लखलखीत केली, आणि आता पुन्हा गायब."

काका त्यांच्या मागेच येऊन उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोन महिन्यांत पहिल्यांदा, आणि ओठांवर बोट ठेवलं.

काकूंना घरी पोचवून ते परत आले तेव्हा मी पायरीवरच बसले होते. "तुम्ही म्हणालात, तुम्ही आणली."

"मग काय सांगू? पळी गॅरेजात नेली मीच ना?" ते खाली, माझ्यापासून दोन पायऱ्या अंतर ठेवून बसले. "आणि तिला सांगितलं तर रडेल. संध्याकाळपर्यंत विसरेल. मग उद्या पळी शोधेल, तेव्हा पुन्हा सांगायचं, पुन्हा रडेल. रोज पहिल्यांदाच कळल्यासारखं. काहून रडवू बाप्पा रोज?"

 मी त्यांची माफी मागितली की नाही हेही आता नीट आठवत नाही. मागितली असावी, कारण ते म्हणाले, "आईला फोन कर आधी." तो मी केला. तिने नवीन हळद आधीच दळून ठेवली होती.

त्या हिवाळ्यात त्यांच्या मुलाने दोघांना मिनेसोटाला न्यायचं ठरवलं. घर विकलं गेलं. काकांना बर्फाची चीड होती, पण ते हो म्हणाले. "इथं गॅरेज पाहिलं की ती पळी शोधायला जाते," एवढंच कारण दिलं. समीर अजून यायचाच होता. माझी लाइन होती तिथेच होती.

ते निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मनवाचा नवा रिपोर्ट आला. मी तो घेऊन, मनवाला कडेवर घेऊन, त्यांच्याकडे गेले. हॉलमध्ये खोक्यांची रास आणि एकच खुर्ची उरलेली, तिच्यात काका. मी आकडा वाचून दाखवला. जवळजवळ असायला हवा तिथे उतरला होता. डॉक्टर म्हणाल्या, बोलतेय छान, लक्ष ठेवू, पण घाबरू नका. काकांनी कागद हातात घेतला नाही. मला धरायला लावून, वाकून, आकडा स्वतः दोनदा वाचला.

मनवाला या कशाचंच काही नव्हतं. ती खाली उतरली आणि थेट त्यांच्या मांडीवर चढली. "काका, व्हेअर आर यू गोइंग?"

त्यांनी दोन्ही हात वर उचलले. एखाद्याने बंदूक रोखल्यासारखे, खांद्यांच्या वर, तळवे उघडे. त्या दुपारपासून त्यांनी तिला एकदाही हात लावला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"काका, धरा तिला. पडेल."

"धुतले नाहीत."

"मग धुवून या."

ते गेले. आत नळ बराच वेळ वाहत राहिला. ते आले, बसले, ती पुन्हा चढली, आणि त्यांचे ओले हात पुन्हा हवेत गेले. मनवाने त्यांच्या छातीवर डोकं टेकवलं आणि अंगठा तोंडात घातला. काका भिंतीकडे बघत होते. चेहरा हलत नव्हता, पण डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायलाही हात खाली येत नव्हते.

मी पुढे झाले, त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि हात खाली आणून तिच्या पाठीवर ठेवले.  मी बराच वेळ ते तसेच दाबून धरले. मग माझे हात काढून घेतले, आणि त्यांनी त्यांचे काढले नाहीत.